गाडी गॅरेजला, रेडिओवर कंट्री: तुमचे जुने-नवे अनुभव लिहा

तांबडी माती

परवा गाडी गॅरेजला टाकली. चार दिवस लागतील म्हणाले आणि बदली म्हणून एक भलामोठा पिकअप हातात दिला. चढायला पायरी असलेला. चालू केला तर आधीच्या कुणीतरी रेडिओ कंट्री, म्हणजे इकडच्या गावाकडच्या गाण्यांच्या, स्टेशनवर लावून ठेवलेला. बंद करायचं बटण सापडेपर्यंत जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' सुरू झालं, आणि मग बटण शोधायचं राहूनच गेलं.

१९९९ साली वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना कॉम्प्युटर गडबडतील या भीतीने निघालेल्या नोकऱ्यांच्या, लाटेत मी टेनेसीत येऊन पडलो. वय २४, गाडी नाही, लायसन्स नाही. शेजारच्या क्युबिकलमधले एक साठीचे गृहस्थ मला रोज दारातून उचलायचे आणि संध्याकाळी दारात सोडायचे. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. पिकअपमध्ये तंबाखूचा वास, डॅशबोर्डवर पावत्यांचा ढीग, आणि कंट्री. त्यांचं बोलणं मला निम्मं कळायचं, गाणी पाव. सगळी एकाच चालीची वाटायची. हे गाणं लागलं की मात्र ते बोलायचे थांबत आणि आवाज वाढवत. एकदा मी शहाणपणा करून म्हटलं, "बरं झालं, शेवटी विसरला तिला. सुटला बिचारा."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. माझ्याकडे बघत म्हणाले, "अरे बाळा, मेलाय तो."

मग जे हसत सुटले ते ऑफिस येईपर्यंत. दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं होतं.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी: एक माणूस मरेपर्यंत तिच्यावर प्रेम करीन म्हणतो, लोक म्हणतात विसरशील, आणि एक दिवस त्याला उचलून नेतात. ती शेवटचं बघायला येते. एवढंच. १९८० चं गाणं. असलं मरणाचं गाणं कोण विकत घेणार, असं खुद्द जोन्सला वाटत होतं म्हणे.

परवा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाणं संपेपर्यंत बसून राहिलो. आता पन्नाशीचा आहे. त्या गृहस्थांचा पत्ता लिहिलेली वही कुठल्यातरी शिफ्टिंगमध्ये गेली. दूध आणायला गेलो होतो, ते न घेताच घरी आलो. त्यावरून वेगळं ऐकून घेतलं.

लिहा तुमचेही. जुनं आवडतं, नवं आवडतं, दोन्ही डोक्यात जातं, काहीही.

खारी बिस्किट

"मेलाय तो" ला हसून हसून पुरेवाट. ऑफिसात बसून वाचतेय, शेजारी बघायला लागले.

अवांतर: कुठलं गॅरेज हो हे? आमचा सायकलसुद्धा देत नाही.

अबोली

आमच्या मडगावला कंट्री म्युझिक म्हणजे काय ते कुणाला माहीत नव्हतं. आम्ही त्याला जिम रीव्ह्ज म्हणायचो.

शेजारच्या अंकलकडे रेडिओग्राम होता. रविवारी मासापाठोपाठ, म्हणजे चर्चचा मास हो, जिम रीव्ह्ज सुरू. डिसेंबरात त्याची नाताळची गाणी, आणि भिंतीवरून आमच्याकडे कुलकुल, दोदोलची ताटली. बाबा मराठीचे मास्तर. घरात अभिषेकीबुवांशिवाय दुसरं काही चालायचं नाही, पण भिंतीपलीकडून हा आवाज आला की पेपर खाली ठेवायचे. म्हणायचे, इंग्लिशमध्ये शब्द न् शब्द कळतो असा हा एकच गाणारा. खरंच आहे ते. ओरडणं नाही, घाई नाही, माईकजवळ तोंड नेऊन कानात सांगितल्यासारखं. 'हील हॅव टू गो' मध्ये तो फोनवर बोलतोय हे मला दहाव्या वर्षीच कळलं होतं. ज्याच्याशी बोलतोय तिच्याजवळ दुसरा माणूस बसलाय हे बरंच नंतर.

तो १९६४ च्या जुलैत विमान पडून गेला. स्वतःच चालवत होता, नॅशव्हिलच्या जवळ, वादळात. अंकलना पुढे वीस वर्षं हे ठाऊकच नव्हतं! माझ्या भावाने सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलं आणि पळत जाऊन सांगितलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत असं आंटी सांगायची. आंटीला तिखटमीठ लावायची सवय होती, पण भावाला त्यानंतर दोदोल मिळालं नाही, हे मी पाहिलंय.

मिरजमळा

अबोली, भाऊ बिचारा!

पेठेतला

आमची कंट्री एका गाण्यापुरती. हॉस्टेलवर गिटार एकाकडेच, त्यालाही चारच कॉर्ड येत. जी, ई मायनर, डी, सी. त्यात 'टेक मी होम, कंट्री रोड्स' बसतं, म्हणून तेच. माळशेजला पावसात चिंब भिजून टपरीत भजी खाताना अकरा जण बेंबीच्या देठापासून वेस्ट व्हर्जिनियाला हाका मारत होतो. त्यातल्या एकालाही ते नकाशावर दाखवता आलं नसतं.

जिराफ

पेठेतला, वाईट वाटून घेऊ नका. ते गाणं लिहायला घेणारं जोडपंही तोवर वेस्ट व्हर्जिनियात गेलेलं नव्हतं. मेरीलँडमधल्या रस्त्याने गाडीतून जाताना सुचलं. त्यातले डोंगर आणि नदी दोन्ही बहुतांशी शेजारच्या व्हर्जिनियात येतात. तरी २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने ते अधिकृत राज्यगीतांमध्ये घेतलं.

आणि जॉन डेन्व्हर कंट्री आहे का यावरून भांडणं झालीत. १९७५ मध्ये त्याला कंट्रीवाल्यांचा सर्वात मोठा पुरस्कार मिळाला, तेव्हा नाव जाहीर करणाऱ्या चार्ली रिचने स्टेजवर लायटर काढून चिठ्ठीच पेटवली.

पेठेतला

घ्या. आता माळशेज पण नव्हतंच म्हणा.

जिराफ

माळशेज होतं. भजी कांद्याची की बटाट्याची?

पेठेतला

कांद्याची हो.

ह्यूस्टनचा आटपाडीकर

मोबाईलवरून टंकतोय, चुका पोटात घाला. इकडे मार्चमध्ये रोडिओ असतो, १९३२ पासून चालू आहे. पोस्टरवर गायकांचे फोटो म्हणून आम्ही समजत होतो की मैफल आहे. आई आलेली होती, तिलाही नेलं. आत शिरतो तर पुढं गुरं! ओळीनं धुऊन पुसून उभी केलेली, शेपट्या विंचरलेल्या, अन् प्रत्येकाशेजारी बारा-पंधरा वर्षांचं एक पोर. आई जागेवरच थांबली. "अरे, ही तर खरसुंडी!"

खरसुंडीची जत्रा ज्यांना माहीत नाही त्यांनी कुठल्याही सांगलीकराला विचारा. खिल्लार बैल बघायला जीव टाकतात लोक. माझे आजोबा जोडी घेऊन जायचे. आई मग तीन तास हलली नाही. एका पोराला माझ्याकरवी विचारलं, याला काय घालतोस, किती दिवस सांभाळलास. पोरगं पण मनापासून सांगत होतं. शेवटी आईनं विचारलं, विकल्यावर रडू येत नाही का रे? त्यानं मान खाली घातली. लिलावात पहिल्या नंबरच्या जनावराला लाखो डॉलर मिळतात, पोरांच्या शिक्षणाला जातात, हे मी सांगत बसलो. पण आईचं लक्ष नव्हतं.

पुढं लहान पोरांना मेंढीवर बसवून पळवायचा खेळ होता. त्याचं नाव मटण बस्टिन. आई माळकरी. नाव ऐकूनच म्हणाली, चल बाहेर.

रात्री गाणारा कोण होता ते आठवत नाही. तुम्ही कंट्रीबद्दल विचारलं होतं ना, सॉरी.

तांबडी माती

सॉरी कसली, हेच हवं होतं. आजोबांची जोडी कशी होती ते पण लिहा कधी.

ह्यूस्टनचा आटपाडीकर

लिहीन. आधी पोरांना स्विमिंगला सोडून येतो.

कावळा_काव

मी विरुद्ध पार्टीतला. २००४ मध्ये जॉर्जियातल्या एका छोट्या गावात क्लायंटकडे होतो. रात्री जेवायला काही उघडं नव्हतं म्हणून एका बारमध्ये शिरलो. कंट्री जोरात चालू. सगळ्या माना वळल्या आणि वळलेल्याच राहिल्या. कुणी काही केलं नाही, बोललंही नाही. सँडविच बांधून घेतलं, पार्किंगपर्यंत दोघेजण मागे आले, उभे राहिले, गेले. बस. एवढंच झालं. पण ती सूर ओढत ओढत गायची पद्धत कानावर आली की अजून पोटात खड्डा पडतो. वीस वर्षं झाली. तुमचं ते रडवणारं गाणं मी पूर्ण ऐकूच शकत नाही.

नदीकाठ

कावळा, समजू शकते.

तरी एक सांगते, वाद घालायला नाही. हे संगीत त्या माना वळवणाऱ्यांच्या एकट्याच्या बापाचं नाही. बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचं वाद्य. नॅशव्हिलचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ कार्यक्रम १९२५ मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्या गाजलेल्या वादकांपैकी एक डीफोर्ड बेली, कृष्णवर्णीय, हार्मोनिकावर हुबेहूब आगगाडी काढायचा. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड रेडिओवाल्यांना पाठवताना कंपनीने फोटोच पाठवला नाही, लोक आधी ऐकू देत म्हणून. आणि २०२५ च्या ग्रॅमीत सर्वोत्तम कंट्री अल्बमचं बक्षीस बियॉन्सेला. घरातून हाकललेल्या मुलीने सातबारा काढून दाखवावा तसं वाटलं मला.

कावळा_काव

माहिती पटली, सातबारा तर फारच. पोट अजून तेच म्हणतंय.

लालबागचा पोपट

थांबा थांबा. बँजो म्हणजे आपला बेंजो?? आमच्या गल्लीत बेंजो पार्टी होती, विसर्जनाला ताशा, ढोल, कीबोर्ड अन् मधी तो बटणं दाबून वाजवायचा बेंजो. मी नोकरीला इकडे आलो तर ऑफिसातला एक जण म्हणाला, मी बँजो वाजवतो, शनिवारी ये. मी आपला नाचायच्या तयारीत गेलो. तो मांडीवर चामडं लावलेलं गोल भांडं घेऊन एकटाच बसलेला. तीन बोटांनी असा काय सटासट वाजवायला लागला की मी हललोच नाही. ती तीन बोटांची पद्धत अर्ल स्क्रग्ज नावाच्या माणसाने गाजवली असं त्याने सांगितलं. मी त्याला आमचा व्हिडिओ दाखवला. म्हणाला, हा बँजो नाहीये. मी म्हटलं, दहा दिवस लालबागला ये, मग सांग.

रसिकराव

आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, लाउडस्पीकरला जोडलेला. नाव तेवढं उचललं.

बरं, यॉडलिंगचा, म्हणजे गाताना आवाजाच्या झटकन वर-खाली उड्या मारण्याचा, विषय कुणी काढला नाही अजून? जिमी रॉजर्स, रेल्वेत ब्रेकमनची नोकरी, क्षयाने ग्रासलेला, १९३३ मध्ये ३५ व्या वर्षी गेला. कंट्रीचा बाप म्हणतात त्याला. त्याच्या रेकॉर्ड अनूपकुमारच्या संग्रहात होत्या आणि त्या ऐकून किशोर यॉडलिंग शिकला असं सांगतात. म्हणजे आपण सगळेच लहानपणापासून कंट्री ऐकत आलोय, फक्त खांडव्यामार्गे.

मिरजमळा

मी बाथरूममध्ये प्रयत्न केला होता. वरच्या काकूंनी खाली येऊन विचारलं, पडलास का?

सुईदोरा

मी फिजिओ. पूर्व केंटकीत सहा वर्षं होम हेल्थ केलं. डोंगरातली घरं, फोनला रेंज नाही, पुलावरून एका वेळी एकच गाडी. पेशंट बहुतेक जुने खाणकामगार, नाकाला ऑक्सिजनची नळी. कोळशाने फुप्फुसं गेलेली. दहा पावलं चालवायची, पाच मिनिटं बसवायचं.

एका आजोबांची बायको मी गेले की पडवीत घेवड्याच्या शेंगा मोडत बसायची आणि लोरेटा लिन लावायची. लोरेटा तिथलीच, खाणकामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत चार मुलं. या आजींचंही तसंच, फक्त मुलं सहा. नवरा आतून ओरडायचा, बंद कर ते. ही आवाज वाढवायची. १९७५ मध्ये लोरेटाचं गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं आलं, तेव्हा पुष्कळ रेडिओ स्टेशनांनी ते लावायला नकार दिला. आजी म्हणाल्या, "रेडिओने लावलं नाही म्हणून आम्ही चौघी जावा-नणंदांनी मिळून रेकॉर्ड आणली. दिवसा ऐकायची, संध्याकाळी पिठाच्या डब्यामागे."

मला माझी मंगळवेढ्याची आजी आठवली. जात्यावर बसली की ओवीची सुरुवात विठ्ठलाने आणि शेवट सासूवर. एरवी तोंडातून शब्द नाही. पहाटे चारला जात्याच्या घरघरीत मात्र सगळ्यांचे हिशेब. कंट्रीत काय असतं असं कुणी विचारलं की मी जातं सांगते. गिटार वगैरे नंतर.

आजोबा पुढच्या वर्षी गेले. मी भेटायला गेले तर घरात गाणं नव्हतं. म्हणाल्या, "आता बंद कर म्हणणारं कोणी नाही, मजा येत नाही."

खारी बिस्किट

सुईदोरा, कुकर लावून वाचत होते. चार शिट्ट्या जास्त झाल्या.

अबोली

पिठाच्या डब्यामागे! आमच्याकडे तांदळाच्या डब्यात पत्रं असायची. कुणाची ते सांगणार नाही.

दुपारची झोप

नॅशव्हिलला गेलात तर ब्रॉडवे रस्त्यावर गुलाबी बूट घातलेल्या लग्नाळू मुलींच्या टोळ्या आणि दर दारातून वेगळा बँड. डोकं उठतं. कोपऱ्यावरून वळून रायमनमध्ये जा. १८९२ ची प्रार्थनेची इमारत, अजून लाकडी बाकंच आहेत. ऑप्री इथून १९७४ पर्यंत चालायचं. पाठ दुखते पण आवाज असा येतो की खोकायची लाज वाटते. नवं ऑप्री बांधलं तेव्हा इथल्या स्टेजच्या फळ्यांचा एक गोल कापून तिकडे बसवला. गायक त्यावरच उभे राहतात.

चिंचेचं बुटुक

सगळे जुन्याच्याच मागे. नव्याची बाजू कुणीतरी घ्या की! माझी मुलगी सोळाची. टेलर स्विफ्टवरून मागे मागे जात डॉली पार्टनपर्यंत पोचली. मला येऊन सांगते, आई, 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' व्हिटनी ह्यूस्टनचं नाहीये, डॉलीने १९७४ मध्ये गायलंय. आणि ते प्रियकरासाठी नव्हतं, ज्याच्या कार्यक्रमात ती गायची त्याला सोडून जाताना राजीनाम्यासारखं लिहिलेलं. आमच्या लग्नाच्या व्हिडिओला मागे तेच गाणं आहे. वीस वर्षं राजीनामा वाजतोय.

बाकी शबूझी या नव्या गायकाच्या बारच्या गाण्यावर आमच्या दिवाळी पार्टीत काकालोक नाचले. बूट, हॅट, वर झब्बा. ते दृश्य मात्र नव्या कंट्रीच्या विरोधात जातं.

रसिकराव

राजीनामा!! शीर्षक बदला धाग्याचं.

नव्यातलं मला क्रिस स्टेपलटन चालतो. गळा आहे. पण २०१२ च्या आसपास जी पिकअप, बीअर, तोकडी जीन्स, पुन्हा पिकअप अशी गाणी आली ती ऐकवत नाहीत. एकाच साच्यातले उकडीचे मोदक, आत सारण नाही.

नदीकाठ

तशी गाणी जुन्यातही ढिगाने होती, काळाने गाळली. चाळणीतून उरलेलं बघून जुनं ते सोनं म्हणायचं. नव्याला अजून चाळण लागायचीय.

मला स्वतःला ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार' ल्यूक कोम्ब्स या नव्या कंट्रीवाल्याने गायलेलं आधी आवडलं नाही. १९८८ चं गाणं, कशाला हात लावायचा. मग २०२४ च्या ग्रॅमीत दोघं एकत्र गायली. तो तिच्याकडे बघत होता, पहिल्या रांगेत बसवलेल्या शिष्यासारखा. गेला राग.

तारेवरची

स्टील गिटारबद्दल कुणीच नाही? कंट्रीतला तो हुंदका देणारा आवाज हवाईतून आला. तसाच आपल्याकडेही आला. दादरला आमच्या वाडीत एक काका हवाईयन गिटार मांडीवर घेऊन लताबाईंची गाणी वाजवायचे. शब्द नाहीत, नुसती मींड. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा त्याच कुळातली. त्यांना राय कूडर या अमेरिकन गिटारवाल्याबरोबरच्या अल्बमसाठी १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, आणि पुढे जेरी डग्लस या ब्लूग्रासवाल्याबरोबरही (ब्लूग्रास म्हणजे बँजो-फिडलवालं कंट्रीचं भावंड) त्यांचा अल्बम आहे. पोळ्या झाल्या की आणखी लिहिते.

कावळा_काव

तारेवरची, शब्द नसतील तर मला चालेल बहुतेक. काय ऐकू ते सांगा.

तारेवरची

'बर्बन अँड रोझवॉटर' पासून सुरू करा. डग्लसबरोबरचा तोच. रात्री ऐका, दिवसा नको.

मिरजमळा

जॉर्ज जोन्सवर आलोच आहोत तर: बायकोने गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या म्हणून पठ्ठ्या गवत कापायच्या मशीनवर बसून दारू आणायला गेला होता. त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगितलंय. आमच्या मामाने एकदा ट्रॅक्टर नेला होता. नांगरासकट.

ह्यूस्टनचा आटपाडीकर

मामा कुठले? ओळखीचे वाटतात.

मिरजमळा

नाव घेणार नाही. मामी वाचते इथं.

तांबडी माती

गाडी मिळाली आज. पिकअप परत करताना गॅरेजवाल्याने विचारलं, काही त्रास? म्हटलं, दूध विसरायला होतं. त्याला कळलं नाही, "चेक करतो" म्हणाला.

कावळा, तो ऐकलात की सांगा. अबोली, अंकलच्या रेडिओग्रामचं पुढे काय झालं?

अबोली

आहे अजून. आंटीची नात त्यात चपला ठेवते.